मंडपांच्या सावलीतून

हंपीत विरूपाक्षाच्या देवळापासून विठ्ठलाच्या देवळापर्यंत जायला दोन वाटा आहेत. एक डांबरी सडक. ती कमलापूरवरून मोठा वळसा घालते आणि शेवटच्या टप्प्यात बॅटरीच्या गाडीत बसवून थेट देवळाच्या दारात आणून सोडते. दुसरी तुंगभद्रेच्या काठाने जाणारी पायवाट, फार तर दोन-अडीच किलोमीटरची. घरात म्हातारं माणूस आणि लहान मुलं असली की सगळे आपल्याला पहिली सुचवतात. माझं मन कायम दुसरीकडे ओढतं, आणि ते म्हाताऱ्यांसाठी आणि मुलांसाठीच. कारण ही वाट चालणाऱ्यांसाठीच घडवलेली आहे. यात्रेकरू दमतील, त्यांना ऊन लागेल, कडेवरचं पोर रडेल, हे सगळं धरून तिच्यावर थोड्या थोड्या अंतराने दगडी मंडप उभारलेत. चार खांब, वर सपाट शिळा, खाली बसायला गुडघाभर उंचीचा ओटा. पाचशे वर्षांपूर्वीची ही सोय आजही तशीच कामाला येते.

निघावं ते सकाळी, आणि शक्यतो नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान. दहा वाजले की इथला ग्रॅनाइट तापायला लागतो, आणि उन्हाळ्यात तर संध्याकाळ झाली तरी ऊब सोडत नाही. पहाटे देवळाची हत्तीण नदीवर आंघोळीला येते तेव्हा घाटावर मुलांची गर्दी होते. विरूपाक्षाचं देऊळ जागतं आहे. 1565 साली तालिकोटच्या लढाईनंतर विजयनगरचं हे शहर लुटलं गेलं, जळालं, उजाड झालं, तरी इथली पूजा चालू राहिली. नऊ मजली गोपुराची उलटी सावली मागच्या एका खोलीतल्या भिंतीवर पडते, तीही मुलांना आधी दाखवून घ्यावी. भिंतीतल्या एका लहानशा छिद्रातून उजेड आत येतो आणि सारं गोपूर पायरीपासून कळसापर्यंत उलटं होऊन समोर उभं राहतं. शाळेतल्या सूचिछिद्र कॅमेऱ्याचा धडा इथे दोन मिनिटांत समजतो.

देवळासमोरचा लांबलचक बाजार मात्र मी जरा उदास मनाने ओलांडते. दुतर्फा मंडपांच्या रांगा आहेत. पिढ्यान्‌पिढ्या नसली तरी बरीच वर्षं माणसं त्यांतच संसार मांडून होती, खाली दुकान आणि मागे चूल. 2011 साली त्यांना तिथून उठवलं गेलं. जागतिक वारसा म्हणून 1986 साली मान्यता मिळालेल्या जागेची निगा राखायला हवी, हे मला पटतं. पण मंडप माणसांसाठी बांधले गेले होते, आणि त्यांतली माणसं गेली की दगड जास्त जुना दिसतो, असं मला इथे दर वेळी वाटतं.

बाजार संपत आला की डावीकडे वळायचं. इथे आवाज बदलतो. रिक्षांची घरघर मागे पडते आणि खडकांतून वाट काढणारं पाणी ऐकू येऊ लागतं. दोन्ही तीरांवर एकावर एक रचून ठेवल्यासारखे प्रचंड धोंडे. ते कुणी रचलेले नाहीत, कुठून गडगडत आलेलेही नाहीत. एकाच अखंड खडकाला भेगा पडल्या, ऊन-पावसाने त्यांच्या कडा झिजल्या, मधली माती वाहून गेली आणि गोटे जागच्या जागी उरले. या खडकाचं वय अब्जावधी वर्षांचं आहे. मुलांना मात्र गावातली गोष्ट जास्त आवडते : ही किष्किंधा, आणि हे धोंडे वानरांनी एकमेकांवर फेकलेले. मी दोन्ही सांगते. एकाने दुसरीचं काही बिघडत नाही.

धोंड्यांकडे नीट पाहिलं तर काहींच्या अंगावर ओळीने चौकोनी खाचा दिसतात. ही पाथरवटांची खूण. खाचा पाडायच्या, त्यांत लाकडी पाचरी ठोकायच्या, त्यांवर पाणी ओतत राहायचं. लाकूड फुगलं की खडक त्या रेषेत सरळ फुटतो. काही धोंडे अर्धे फुटलेले आहेत, काहींवर नुसत्या खाचाच आहेत. कुणीतरी काम सुरू केलं आणि तिथेच थांबलं. माझ्या लेकीने त्या खाचांत एकेक बोट घालून पाहिलं आणि विचारलं, "हे परत येणार होते का?" राजांच्या याद्या पाठ करवून जे साधत नाही, ते त्या एका प्रश्नात होतं.

चक्रतीर्थापाशी नदी वळण घेऊन उत्तरेकडे जाते. काठावरच कोदंडरामाचं देऊळ आहे, एकाच शिळेत कोरलेले राम, सीता, लक्ष्मण. सुग्रीवाला रामाने इथेच राज्याभिषेक केला, अशी श्रद्धा आहे. मागच्या पायऱ्या चढून गेलं की यंत्रोद्धारक हनुमान लागतो. हा उड्डाण करणारा नाही, द्रोणागिरी उचललेला नाही. षट्कोनी यंत्रात डोळे मिटून ध्यानाला बसलेला मारुती. संत व्यासरायांनी रोज खडकावर कोळशाने त्याचं चित्र काढावं आणि रोज त्या चित्रातून वानर उडी मारून पळून जावं, असं बारा दिवस चाललं. अखेर त्यांनी त्याला यंत्रात बांधलं, अशी कथा आहे. म्हणून भोवती बारा वानरांची साखळी कोरलेली. पायऱ्या खड्या आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी खालीच थांबावं, नदीकाठचा पार त्याहून कमी सुंदर नाही.

आई तिथेच थांबली. तिने गळ्यातली तुळशीची माळ सारखी केली, डबा उघडला, आणि मुलं वरून धावत उतरेपर्यंत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी मांडून ठेवली. शेजारी एक कानडी कुटुंब बसलं होतं. त्यांच्याकडून चिरमुरे आणि मिरचीची भजी आली, आमच्याकडून दशमी गेली. दोन आज्यांना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण पंढरपूर हे नाव दोघींना येत होतं आणि तेवढ्यावर त्यांचं बराच वेळ चाललं.

इथे बांबूच्या गोल होड्या मिळतात. कानडीत त्यांना हरिगोलू म्हणतात. पूर्वी त्यांना चामडं मढवत, आता ताडपत्री आणि डांबर लावतात. पोर्तुगीज प्रवासी दोमिंगो पाइश 1520 च्या सुमारास विजयनगरात आला होता. टोपलीसारख्या या होड्या त्यानेही लिहून ठेवल्या आहेत. राजधानी गेली, तिचा खजिना गेला, आणि ही होडी मात्र नावाड्याच्या हातात तशीच गोल फिरते आहे. मुलांना जीवरक्षक जाकीट घालूनच बसवावं. पाण्यात उतरू मात्र अजिबात देऊ नये. वरून नदी शांत दिसते, पण खडकांमधल्या डोहांत भोवरे आहेत, आणि वर होसपेटला धरण असल्याने सोडलेलं पाणी अचानक वाढतं. पावसाळ्यात ही वाट बऱ्याच ठिकाणी बुडते.

पुढे उजव्या हाताला अच्युतरायाच्या देवळाकडे जाणारा जुना बाजार फुटतो. त्याची पुष्करणी पाहायची असेल तर तेवढं आत जाऊन यावं. आम्ही गेलो नाही. आम्हाला ऊद पाहायचे होते. तुंगभद्रेच्या या पट्ट्यात ही पाणमांजरं आहेत, गावकरी त्यांना नीरुनायी म्हणतात, पाण्यातला कुत्रा. 2015 साली त्यांच्यासाठी नदीचा मोठा पट्टा राखीवही झाला. ऊद दिसले नाहीत. खंड्या दिसला, आणि उन्हाला पंख पसरून खडकावर बसलेले पाणकावळे.

सुग्रीवाची गुहा, तिच्याजवळ खडकावर उमटलेला सीतेच्या वस्त्राचा पट्टा, मग काठावर पाण्याला लागून पुरंदरदासांचा मंडप. कर्नाटकी संगीताचे पितामह मानले गेलेले हे दास आपल्या प्रत्येक पदाच्या शेवटी पुरंदर विठ्ठलाचं नाव घेत. पूर आला की मंडप पाण्याखाली जातो आणि ओसरला की पुन्हा वर येतो. त्याच्या पलीकडे नदीच्या पात्रात दगडी खांबांच्या रांगा उभ्या आहेत, एका जुन्या पुलाच्या. पूल नाही, त्याचे पाय आहेत.

आम्ही सर्वांत जास्त वेळ बसलो ते या मंडपात. थंडगार शिळा, अंगावर येणारा नदीचा वारा, मुलं कडेच्या वाळूत. भग्नावशेष पाहायला आलो आहोत ही भावनाच तिथे राहत नाही. ज्या मंडपात दमलेलं माणूस बसतं, पाणी पितं, पोराचं डोकं मांडीवर घेतं, तो भग्न कसा म्हणायचा? ज्याने तो बांधला त्याच्या मनात हेच होतं. मोडलं ते राज्य. ही सावली शाबूत आहे, आणि ती ओळखायला थकवा लागतो. गाडीतून उतरलेल्या माणसाला ती नुसती शिळा वाटते. आईच्या चालीने चाललो म्हणून आम्ही प्रत्येक मंडपात थांबलो, आणि थांबलो म्हणून प्रत्येकाची जागा किती विचाराने निवडली आहे ते कळलं. एकातून नदीचं वळण दिसतं, दुसऱ्यातून चढ संपल्याचं कळतं.

राजतुला ओलांडली की विठ्ठलाचं देऊळ. राजतुलेच्या दोन खांबांवरच्या आडव्या तुळईला तराजू टांगायच्या कड्या कोरलेल्या आहेत. राजा तिथे सोन्यारत्नांनी तोलला जाई, असं सांगतात. तिकीट सबंध वाटेवर इथेच लागतं. आत पन्नास रुपयांच्या नोटेवरचा तो दगडी रथ. खरं तर ते गरुडाचं देऊळ. अलेक्झांडर ग्रीनलॉ याने 1856 साली काढलेल्या छायाचित्रात त्यावर विटांचं शिखरही दिसतं, आता ते नाही. महामंडपातले 56 खांब वाजतात म्हणून प्रसिद्ध आहेत, पण वाजवून वाजवून ते झिजले, म्हणून आता हात लावायला मनाई आहे. मुलं हिरमुसली. त्यांना मी सांगितलं की पुढच्या कुणासाठी तरी आवाज शिल्लक ठेवायचा आहे, आणि ते त्यांना पटलं.

गाभारा रिकामा आहे. कृष्णदेवरायाने पंढरपूरची मूर्ती इथे आणली आणि पैठणच्या भानुदासांनी ती परत नेली, अशी आपली वारकरी परंपरा सांगते. भानुदास म्हणजे संत एकनाथांचे पणजोबा. इतिहासकार यावर वाद घालतील, घालोत. आईला हे सगळं लहानपणापासून माहीत होतं. ती काही वाईट वाटलेल्या चेहऱ्याने उभी राहिली नाही. "तो आपल्या घरी आहे, पण आला होता ना इथे," म्हणाली, आणि गाभाऱ्याभोवतीच्या अंधाऱ्या, खोलगट प्रदक्षिणामार्गात भिंतीचा आधार घेत उतरली. मुलं अंधाराच्या ओढीने मागोमाग गेली, दुसऱ्या बाजूने उजेडात आली, आणि पुन्हा आत पळाली. आईची एक प्रदक्षिणा होईपर्यंत त्यांच्या कितीतरी झाल्या.

परत जायला बॅटरीच्या गाड्या आहेत, बऱ्याचदा त्या बायका चालवतात, आणि दमलेल्यांनी त्या खुशाल घ्याव्यात. आम्ही घेतली. पाय शाबूत असतील तर इथून तळवारघट्ट्याचा दरवाजा फार लांब नाही. तिथून नदी ओलांडली की आनेगुंदी, विजयनगराहूनही जुनं गाव, भाताच्या आणि केळीच्या शेतांत वसलेलं. विजयनगरच्या काळात काढलेल्या कालव्यांचं पाणी या भागातल्या शेतांना आजही मिळतं. ती वाट दुसऱ्या दिवसासाठी ठेवावी, आणि तीही पायीच करावी.