ळ कुठे बसतो?

बोलीतील शब्दांची एक सूची मी सिद्ध करीत होते. चिठ्ठ्यांवरचे शब्द संगणकात भरून झाले होते. ते वर्णानुक्रमे लावणे तेवढे उरले होते. त्यासाठी भाच्याकडून थोडी जावा शिकले. यंत्राने लावलेली यादी पाहते तो ‘काळ’ हा शब्द ‘काव्य’च्या आधी! आपल्या वर्णमालेत ळ येतो ह नंतर. युनिकोडच्या तक्त्यात मात्र तो ल आणि व यांच्या मध्ये आहे, आणि जावा शब्दांची तुलना त्या तक्त्यातील क्रमांकांवरूनच करते.

भाचा म्हणाला, “मावशी, तू तुझ्या शब्दांसाठी वेगळा क्लास लिही आणि त्याला कम्पेरेबल हा इंटरफेस पाळायला लाव.”

हा इंटरफेस एकच गोष्ट मागतो : कम्पेअरटू नावाची मेथड. ती दुसऱ्या शब्दाशी तुलना करून एक पूर्णांक देईल. आपला शब्द आधीचा असेल तर ऋण, बरोबरीचा असेल तर शून्य, नंतरचा असेल तर धन. तुलना कोणत्या निकषावर करावी, याविषयी तो अवाक्षर काढीत नाही. क्रम लावणाऱ्या प्रोग्रॅमलाही ते ठाऊक नसते. समोर शब्द आहेत की तारखा, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. ज्यांनी तो लिहिला त्यांच्या मनात ळ असण्याचे कारण नव्हते. तरीही माझे शब्द तो लावू शकणार होता, ते या एका कराराच्या बळावर.

प्रथम मी मेथडमध्ये तात्पुरते ‘शून्य परत दे’ एवढेच लिहिले. कंपायलरने तक्रार केली नाही. प्रोग्रॅम चालला आणि शब्द मी भरले होते त्याच क्रमाने परत आले. सगळेच बरोबरीचे! मेथडचे नाव, तिला काय द्यायचे, ती काय परत देणार, एवढेच कंपायलर तपासतो.

मला वर्गातले वृत्तांचे तास आठवले. भुजंगप्रयातात चार य गण, म्हणजे ‘लगागा लगागा लगागा लगागा’. ही खूण स्वतःच त्या वृत्तातली निर्दोष ओळ आहे. तिला अर्थ मात्र नाही. माझे शून्य त्याच जातीचे होते.

इंटरफेस म्हणजे ‘काय’ सांगून ‘कसे’ लपवणे, असे पुस्तकात वाचले होते. लपवणे हा शब्द मला पुरेसा वाटत नाही. तिथे जागा मोकळी ठेवलेली असते, आणि ती भरण्याचे ज्ञान ज्याच्याकडे आहे त्याने ती प्रामाणिकपणे भरायची असते. ळ कुठे बसतो हे सांगण्याचे काम यंत्राचे नव्हते, माझे होते. छापलेल्या यादीपुढे निमूट मान डोलावली असती, तर मराठीच्या प्राध्यापिकेनेच ळ ची जागा हरवली असती.

असो. सूचीत ‘काळ’ आता ‘काहूर’च्या नंतर आहे.