अध्यक्षांचे ऐकून कोण घेणार?



वसतिगृह, वाचनालय, विहार, बचत गट. आपल्या वस्तीत यांतले काही ना काही चालतेच, आणि ते ओढणारा माणूस बहुधा एकच असतो. दिवसा नोकरी, संध्याकाळी मंडळ. एप्रिलमध्ये जयंती, जूनमध्ये मुलांचे प्रवेश, 31 जुलैला लळिंगचा लांडोर बंगला, जिथे 1937 साली बाबासाहेबांचा मुक्काम पडला होता; मग वर्षावास, धम्मचक्र प्रवर्तन दिन, 6 डिसेंबर. मध्येच कोणाच्या घरी मयत, कोणाचा पोरगा पोलीस ठाण्यात. रात्री अकराला दार वाजते ते याचेच. आपण सत्कार करतो, शाल घालतो. पण शाल घालणाऱ्याने कधी विचारलेले नसते, की भाऊ, झोप लागते का?

आमच्या मंडळाच्या अध्यक्षांना आम्ही भाऊच म्हणतो. मुलींचे छोटे वसतिगृह त्यांनी जळगावात उभे केले. मध्यंतरी अनुदानाचा हप्ता एका कार्यालयात अडकला, तेव्हा किराणावाल्याची उधारी त्यांनी पीएफमधून कर्ज काढून फेडली, कोणाला न सांगता. पुढे बैठकीत चिडू लागले. फोन घेईनात. पावतीपुस्तक समोर आले की हात कापायचा. हे मला मंडळात कळले नाही, वहिनींनी सांगितले.

भाऊंनी बोलायचे तरी कोणाजवळ? मी सचिव. 'मला झेपत नाही' असे ते मला म्हणाले असते, तर माझ्या मनात आधी पुढच्या अध्यक्षाचे नाव आले असते. खजिनदाराला हिशोबाची शंका आली असती. वहिनी म्हणाल्या असत्या, सोडा ते मंडळ. ऐकणाऱ्या प्रत्येकाचा त्यात काही ना काही हितसंबंध. मी बी.कॉम. झालेला कारकून, मला हे ऑडिटवरून समजते. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा 1950 चा कायदा सांगतो, की ट्रस्टशी हितसंबंध असलेल्या माणसाने ट्रस्टचे हिशोब तपासायचे नाहीत. प्रामाणिक ट्रस्टलाही तो नियम लागूच असतो. मग माणसाच्या मनासाठी बाहेरचा जाणकार का नको?

'बर्नआउट' हा शब्द हल्ली कंपन्यांत फार चालतो, पण तो पुढे आला आपल्यासारख्यांमधूनच. हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर हे मानसशास्त्रज्ञ दिवसा आपले रुग्ण तपासून रात्री न्यूयॉर्कच्या एका मोफत दवाखान्यात सेवा देत. तिथले स्वयंसेवक, आणि आपण स्वतःही, कसे विझत जातो ते त्यांनी 1974 साली लिहिले. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये त्याची नोंद घेतली, तीही आजार अशी नव्हे, तर कामातून येणारी अवस्था अशी. म्हणजे हे वेड नाही. एवढे भाऊंच्या गळी उतरवायला मला दोन आठवडे लागले.

कोणी सुचवले, इगतपुरीला दहा दिवस पाठवा. विपश्यनेबद्दल मला आदर आहे, मी स्वतः बसलो आहे. पण तिथे मौन असते आणि भाऊंना बोलायचे होते. शिवाय तिथल्या प्रवेश अर्जातच मानसिक त्रासाची माहिती विचारतात, ती उगाच नाही.

जळगावात जायला भाऊ तयार नव्हते, रांगेत ओळखीचे भेटतील म्हणून. तेव्हा एरंडोल, पारोळा करीत एस.टी.ने धुळे गाठले. तिथल्या समुपदेशक बाईंनी साधेच प्रश्न विचारले. रात्री फोन कोण उचलतो? चेकवर सह्या कोणाच्या? तुम्ही महिनाभर अंथरुणाला खिळलात, तर मुलींचे जेवण बंद पडेल का? या तिसऱ्या प्रश्नाला भाऊ रडले, असे त्यांनीच मला परतीच्या गाडीत सांगितले. मी बाहेर बाकावर होतो. रक्तदाब आणि झोपेसाठी बाईंनी त्यांना डॉक्टरांकडेही धाडले. अशा पाच खेपा झाल्या. मंडळ सोडा असे बाई एकदाही म्हणाल्या नाहीत.

आता रात्री नऊनंतरचा फोन पाळीपाळीने इतर सभासद घेतात. चेकवर उपाध्यक्ष ताईंचीही सही चालते. पदरचे पैसे घालायचे नाहीत, असा ठरावच केला. भाऊ अजून कधीकधी चिडतात, पण झोपतात.

फी परवडत नसेल त्यांनी धुळ्याच्या भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा जळगावच्या शासकीय महाविद्यालयात मानसोपचार विभागाची चौकशी करावी. केंद्र सरकारची 'टेली मानस' ही सेवा ऑक्टोबर 2022 पासून आहे. 14416 हा क्रमांक रात्रंदिवस चालतो, मोफत आहे आणि मराठीतून बोलता येते.

यंदाच्या अंदाजपत्रकात या खर्चाला वेगळी रक्कम ठेवा, असे मी सुचवले. एक ज्येष्ठ सभासद उसळले. समाजाची वर्गणी ही, बाबासाहेब कुठे गेले होते असल्या लोकांकडे? उपाध्यक्ष ताई म्हणाल्या, काका, मधुमेह आणि पायाच्या दुखण्यावर बाबासाहेब मुंबईत डॉ. मालवणकरांकडे उपचार घेत होते. तिथे काम करणाऱ्या डॉ. शारदा कबीर याच 1948 साली आपल्या माईसाहेब झाल्या. काका म्हणाले, ते अंगाचे दुखणे होते. त्यावर तासभर वाद चालला. अखेर रक्कम मंजूर झाली, निम्मी. उरलेल्या निम्म्यासाठी मी पुढच्या बैठकीत पुन्हा उभा राहणार आहे.