उखळीचा सांधा

मोटारीच्या पुढच्या चाकाला दोन चाकऱ्या एकाच वेळी कराव्या लागतात. रस्ता उंचसखल असेल तसे त्याने वरखाली व्हायचे आणि स्टिअरिंग फिरेल तसे डावीउजवीकडे वळायचे. या दोन्ही हालचालींना एकाच जागी वाव देणारा जो सांधा असतो, त्याला सगळे मेकॅनिक 'बॉल जॉइंट' म्हणतात. पोलादाची एक गुळगुळीत गोळी, तिच्यातून निघालेला दांडा, गोळीला घट्ट कवटाळणारी वाटी, मध्ये ग्रीस आणि वर रबरी टोपी. एवढाच त्याचा संसार. शाळेच्या पुस्तकात खांद्याच्या आणि खुब्याच्या अशाच सांध्याला आम्ही 'उखळीचा सांधा' म्हणून शिकलो होतो. हे नाव कोणा परिभाषा समितीने घडविलेले असावे अशी माझी समजूत होती. पुढे सुश्रुतसंहितेचे शारीरस्थान वाचताना ती गळून पडली. तेथे शरीरातील २१० संधी सांगितले असून आकारावरून त्यांचे आठ प्रकार केले आहेत, आणि त्यांत 'उलूखल' हा एक आहे. काख आणि जांघ यांच्या जोडीला दातांचे संधीही याच वर्गात घातलेले पाहून आजचा वाचक थबकतो, कारण दात फिरत नाहीत. परंतु वर्गीकरण करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे फिरणे नसून खोबणीत रुतून बसणे असावे. मोटारीच्या सांध्याचा विचार करतानाही मला हीच दृष्टी अधिक खरी वाटते. त्याने फिरावे हे खरेच. पण त्याआधी त्याने सोडू नये.

आमच्या गाडीचा उजवा सांधा सोडण्याच्या बेतात आला होता. २०१९ चा पावसाळा संपता संपता गतिरोधकावरून जाताना पुढून 'खट' असा आवाज येऊ लागला, आणि दिवाळीपर्यंत तो प्रत्येक खड्ड्याला हजेरी लावू लागला. नोएडात या सांध्यांना दीर्घायुष्य लाभणे कठीण. १७ एप्रिल १९७६ रोजी स्थापन झालेल्या प्राधिकरणाच्या इंग्रजी आद्याक्षरांतून या शहराचे नाव तयार झाले. तेव्हापासून येथे काही ना काही बांधले जातच आहे आणि त्याची धूळ सर्वत्र बसते आहे. रबरी टोपीला बारीकशी चीर पडली की ग्रीस बाहेर येते, ही धूळ आत जाते, पावसाचे पाणी तिच्या मागोमाग शिरते, आणि मग गोळी वाटीला दररोज थोडी थोडी खात राहते. (नोएडाच्या पूर्ण नावात 'ओखला' आहे आणि हिंदीत उखळाला 'ओखली' म्हणतात, परंतु ध्वनिसाम्यावरून गोत्र जुळविण्याचा मोह भाषेच्या अभ्यासकाने आवरलेलाच बरा.)

गाडी जॅकवर उचलून मी चाक वर आणि खाली धरून हलविले, तेव्हा पत्नीने वाकून सांध्याकडे पाहिले. दांडा वाटीत डुगडुगताना तिला स्पष्ट दिसला. असा सांधा निसटला की चाकाचा खालचा भाग मोकळा होतो, चाक आडवे पडते आणि गाडी त्या बाजूला बसते. गल्लीत हे घडले तर हसे होईल. द्रुतगती मार्गावर घडले तर काय होईल ते बोलण्याची गरज आम्हां दोघांनाही वाटली नाही. त्या मार्गाने ती रोज ग्रेटर नोएडाच्या महाविद्यालयात शिकवायला जात असे. गाडी चालविणार ती होती, मी नव्हे.

एका मोठ्या गॅरेजने पाहताक्षणी दोन्ही बाजूंचे आर्म संपूर्ण बदलावे लागतील असे सांगितले आणि जो आकडा काढला, तो गाडीच्या वयाला शोभणारा नव्हता. गाडी पेट्रोलची, २००७ सालची. दिल्ली परिसरात पंधरा वर्षांहून जुन्या पेट्रोल गाड्या चालवू नयेत, या हरित लवादाच्या आदेशावर सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये शिक्कामोर्तब केले होते. त्या हिशेबाने तिला तीन वर्षे उरली होती. जिच्या मरणाची तारीख कागदावर ठरलेली आहे तिच्यावर किती खर्च करावा, हा प्रश्न व्यवहाराचा असला तरी विचारताना थोडे ओशाळल्यासारखे होते. आमच्या गाडीत वाटी आर्मला तीन बोल्टांनी जोडलेली असते. ती तेवढीच बदलता येते. आमचा नेहमीचा मिस्त्री तेच म्हणाला. परंतु तो छठपूजेसाठी बिहारला निघाला होता. "बाबूजी, आठ दिन रुक जाइए," असे म्हणून तो थांबला, माझ्याकडे पाहिले आणि सांधा सोडविण्याचा पुलर पेटीतून काढून माझ्या हातावर ठेवला. स्कूटरच्या काळात वाढलेल्यांना पान्याची अगदीच अनोळख नसते, हे त्याने ताडले असावे.

नवे सांधे काश्मिरी गेटच्या बाजारातून आणले. जॅक आणि दोन घोड्या खालच्या मजल्यावरील सरदारजींनी दिल्या. ठरावीक जोरालाच टक्कन वाजून थांबणारा टॉर्क पाना कारखान्यात नोकरी करणाऱ्या एका शेजाऱ्यांकडून आला, तो मात्र नाखुशीने. आणि ती नाखुशी मला योग्यच वाटली. मराठीत 'उसने' हा शब्द कर्जाहून निराळा आहे. उसन्याला व्याज नसते. साखर उसनी आणली तर तेवढीच साखर परत जाते, तीच नव्हे. हत्यार मात्र तेच परत द्यावे लागते, आणि हातात असेपर्यंत त्याच्यावर मालकाची नजर असल्यासारखे वाटते. भाषेच्या क्षेत्रात आपण शब्दांनाही उसने म्हणतो. या रूपकातील विसंगती आइनार हाउगेन यांनी १९५० मध्येच दाखवून दिली होती: देणाऱ्याला पत्ता नसतो आणि घेणाऱ्यावर परतफेडीचे बंधन नसते. पुलर हाती धरल्यावर ही विसंगती मला प्रथमच बोटांना जाणवली म्हणा ना.

त्या हत्यारांबरोबर त्यांची नावेही आली. येथे पान्याला 'चाबी' म्हणतात. चौदाची चाबी, सतराची चाबी. आपली 'चावी' पोर्तुगीज 'चाव्ह'वरून आलेली. पश्चिम किनाऱ्यावर उतरलेला तो शब्द यमुनाकाठी पोहोचेपर्यंत कुलूप सोडून नटबोल्ट उघडू लागला, आणि तो वापरणारा 'मिस्त्री'ही पोर्तुगीज 'मेस्त्रे'चाच वंशज. याहून मौज 'गोटी'ची. आमच्याकडचा बॉक्स पाना येथे गोटी होतो. मराठी मुलाची गोटी भरीव, वाटोळी, बोटांनी उडविण्याची. येथली गोटी पोकळ, नटावर बसविण्याची. ज्या सांध्यात एक गोळी आणि एक वाटी एवढाच ऐवज, तो सोडविताना माझी गोटी गोळीच्या बाजूला आणि सरदारजींची वाटीच्या बाजूला, असा घोटाळा दोनदा झाला. भाषा संचालनालयाच्या परिभाषा कोशांविषयी मला आदर आहे. तरीही गाडीखाली उताणे पडलेल्या माणसाला जो शब्द पटकन हाती लागतो तोच टिकतो, हे मान्य करणे भाग आहे.

दिवाळीनंतरच्या त्या रविवारी सकाळी मागच्या चाकांना विटा लावल्या, चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल केले आणि मग ती उचलून घोड्यांवर ठेवली. जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये, हे सरदारजींनी जॅक देतानाच तीनदा बजावले होते. तीन बोल्ट बारा वर्षांच्या गंजाने एकजीव झालेले. रात्रीच तेल सोडून ठेवले होते, तरी पहिला बोल्ट दीड तासाने हलला. दांडा वरच्या भोकात निमुळता होत जातो आणि वर्षानुवर्षे त्यात आवळला जातो; नट काढला म्हणून तो निघत नाही. नट अखेरच्या दोन आट्यांवर तसाच ठेवून पुलर लावायचा, पेच आवळत जायचे आणि वाट पाहायची. सरदारजी खुर्ची टाकून बसले होते. बराच वेळ काहीच घडले नाही. मग बंदुकीच्या बारासारखा आवाज झाला आणि पिढीजात भांडण मिटावे तसा सांधा मोकळा झाला. नट राहू दिला नसता तर आर्म उसळून हातावर आला असता.

जुना सांधा हातात घेतला तर दांडा स्वतःच्याच वजनाने इकडून तिकडे पडत होता. नवा मात्र दोन्ही हातांनी कष्टाने वळत होता. चांगला सांधा अडेलतट्टूच असावा लागतो. तो बसविल्यावर वरचा नट आवळायचा. त्याला किल्ल्याच्या तटासारख्या खाचा असतात आणि दांड्यातील भोकातून व त्या खाचेतून कॉटर पिन ओवायची असते. टॉर्क पाना टक्कन वाजला तेव्हा खाच भोकासमोर आली नव्हती. अशा वेळी नट मागे फिरवायचा नाही. पुढची खाच येईपर्यंत आवळायचाच, असा दंडक आहे. पिनही जुनी चालत नाही. किमतीने त्या सबंध कामातील सर्वांत क्षुद्र वस्तू ती. तिची दोन टोके पकडीने वाकविताना हात सर्वांत अधिक जपून चालला.

डावी बाजू उतरत्या उन्हात पूर्ण झाली. सोमवारी चाकांचे अलाइनमेंट करून घेतले आणि मंगळवारी पत्नी साडेसातला निघाली. आवाज नव्हता, असे तिने पोहोचल्यावर कळविले.

मिस्त्री छठ आटोपून आला तेव्हा मी पुलर पुसून, कागदात गुंडाळून, बरोबर फराळातल्या उरलेल्या चकल्या घेऊन त्याच्याकडे गेलो. त्याने पुलर घेतलाच नाही. आधी गाडीकडे आला, चाक वळवायला लावले, जमिनीवर पाठ टेकून बॅटरीच्या उजेडात उजवीकडची पिन पाहिली, मग डावीकडची. उठला, हात झटकले आणि पिशवीतून ठेकुआची पुडी काढली.