योग झाला, क्षेमाचें काय?

संस्कृतांत ‘योगक्षेम’ असा एक फार अर्थपूर्ण जोडशब्द आहे. जें आपल्यापाशीं नाहीं तें मिळविणें म्हणजे योग, आणि जें मिळालें त्याचें रक्षण करणें म्हणजे क्षेम, असा त्याचा अर्थ भाष्यकारांनीं सांगितला आहे. वर्गांत हा शब्द शिकवितांना मी मुलांना नेहमीं विचारीत असें कीं, ह्या दोहोंत कठीण कोणतें? मुलें बहुधा ‘योग’ म्हणत. त्यांचें वयच मिळविण्याचें. परंतु संसार चालविणाऱ्या एखाद्या गृहिणीस हाच प्रश्न केला तर ती क्षणाचाहि विलंब न लावतां ‘क्षेम’ असेंच सांगेल. विजेची सायकल सहा वर्षांहून अधिक काळ बाळगल्यावर माझेंहि मत तिच्यासारखेंच झालें आहे.

ही सायकल मीं २०१९ सालीं, शाळेंतून निवृत्त झाल्यावर थोड्याच दिवसांनीं घेतली. तिच्या पावतीवर गांवाचें नांव उस्मानाबाद असें आहे. २०२३ सालीं तें सरकारी दप्तरांत धाराशिव झालें. गांवाचें नांव बदललें, गुरुजींची सायकल बदलली नाहीं, अशी थट्टा आमच्या गल्लींत चालते. ती घेण्याचें कारण माझे गुडघे. आमचें गांव बालाघाटाच्या डोंगराळ मुलखांतलें. रस्त्यांना चढउतार पुष्कळ. डॉक्टरांनीं सांगितलें कीं, पाय चालते ठेवा, पण चढावर जोर देऊं नका. ह्या दोन्ही आज्ञा एकदम पाळतां येतील असें हेंच एक वाहन मला दिसलें. पायडल फिरूं लागलें कीं चाकांतील मोटर हात देते. सपाटीवर श्रम बहुतेक आपले, चढावर तिचे. शिवाय जिची मोटर २५० वॅटहून कमी शक्तीची व जिचा वेग ताशीं २५ किलोमीटरांहून कमी, अशा सायकलीस आपल्याकडील नियमांप्रमाणें नोंदणीहि लागत नाहीं आणि परवानाहि लागत नाहीं.

ह्या वाहनानें मला काय दिलें तें सांगतों. माझे एक जुने सहशिक्षक गांवाच्या दुसऱ्या टोकास राहतात. दृष्टि अधू झाल्यामुळें त्यांचें वाचन सुटलें. तेव्हां मी रोज सायंकाळीं जाऊन त्यांना रघुवंशाचे पांच-सात श्लोक वाचून दाखवूं लागलों. वाचणारा मी, विवरण करणारे ते. जातांना मुलाला ‘मला सोडून ये’ असें म्हणावें लागत नसे, कीं रिक्षाची वाट पाहावी लागत नसे. उतारवयांत दुसऱ्याच्या सवडीवर अवलंबून न राहणें ह्याचें मोल ज्याचें त्यालाच ठाऊक.

सायकल ही आपल्याकडे कांहीं नवी वस्तु नव्हे. १८८८ सालीं किर्लोस्कर बंधूंनीं बेळगांवास सायकलींचेंच दुकान घातलें होतें. विजेच्या सायकलीची कल्पनाहि जुनीच. अमेरिकेंत १८९५ सालीं तिचें पेटंट दिलें गेलें. पण साधी सायकल जुनी होते, मरत नाहीं. टायर झिजला, बदलला. साखळी सैल झाली, नवी घातली. कोणत्याहि तालुक्याच्या गांवीं तिचे भाग मिळतात. माझ्या वडिलांची सायकल अशीच चाळीस वर्षें चालली. विजेच्या सायकलींत मात्र दोन भिन्न आयुष्यांचे जीव एकाच जुवाखालीं जुंपलेले असतात. सांगाडा वीस वर्षें टिकणारा. बॅटरी चार-पांच वर्षांत थकणारी.

ही बॅटरी लिथियम-आयन जातीची असते. ती १९९१ सालीं प्रथम बाजारांत आली, आणि तिच्या संशोधकांना नोबेल पारितोषिक मिळालें तें मीं सायकल घेतली त्याच वर्षीं, २०१९ सालीं. माझी बॅटरी ३६ व्होल्टांची आहे. तिच्या पेटींत अंगठ्याएवढे घट असतात; प्रत्येक सुमारें ३.६ व्होल्टांचा, आणि असे दहा एका रांगेंत जोडलेले. रांगेंतील एक घट दुबळा झाला कीं सबंध रांग त्याच्याच बेतानें चालते. पंगतींत शेवटल्या माणसाचें जेवण होईपर्यंत सर्वांनीं बसून राहावें तसें. हे घट वापरानें झिजतात आणि नुसते ठेवले तरीहि झिजतात. उष्णता ही त्यांची मोठी वैरीण. आणि मराठवाड्यांतील वैशाखांत पारा चाळिशी ओलांडतो.

पहिल्या वर्षीं एकदां भरलेली बॅटरी मला तेरपर्यंत सहज नेई. तिसऱ्या वर्षीं धाराशिव लेणीं पाहून परत येणें हीच तिची सीमा ठरली. पांचव्या वर्षीं ती बाजारांतून येतांना चढावरच मान टाकूं लागली. नवी मागावयास गेलों तों उत्तर मिळालें कीं, त्या जातीची बॅटरी आतां निघत नाहीं आणि दुसरी त्या खांचेंत बसत नाहीं. मुलगा म्हणाला, “बाबा, भंगारांत देऊन टाका, आपण नवी घेऊं.” त्याचें म्हणणें प्रेमाचेंच होतें. पण चाकें, ब्रेक, मोटर, सांगाडा सर्व धडधाकट असतां एका अवयवापायीं सबंध देह टाकावा, हें मनास पटेना.

आठ महिने ती तेवीस किलोंची सायकल मी केवळ पायांच्या बळावर ओढली. रोजचें वाचन आठवड्यांतून एकदांवर आलें, आणि पुढें गुडघ्यांनीं तेंहि थांबविलें. सातव्या सर्गाशीं पुस्तक मिटलें. एके दिवशीं मित्रांनीं फोनवर विचारलें, “गुरुजी, आठवा सर्ग माझ्या हयातींत निघेल ना?” मला उत्तर सुचलें नाहीं.

शेवटीं सोलापुरांतील एका जाणत्या कारागिरानें जुनी पेटी तशीच ठेवून आंतले सर्व घट नवे, एकाच जातीचे व सारख्या क्षमतेचे बसवून दिले. खर्च सायकलीच्या मूळ किंमतीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा आला. हें काम हौशी माणसानें घरीं मुळींच करूं नये. विजोड घट किंवा कच्चा सांधा ह्यांमुळें आग लागण्याचें भय असतें. आमचें वाचन पुन्हां सुरू झालें आणि आज आम्ही चौदाव्या सर्गांत आहों.

नव्या बॅटरीचें क्षेम मी आतां नियमानें पाहतों. सायकल उन्हांत उभी ठेवीत नाहीं. उन्हाळ्यांत पेटी काढून घरांतील थंड जागीं ठेवतों. उन्हांतून आल्याबरोबर चार्जर लावीत नाहीं, ती निवूं देतों. रात्रीं सर्व निजले असतां चार्जिंग करीत नाहीं. बॅटरी पार रिती होऊं देत नाहीं आणि विनाकारण कांठोकांठ भरूनहि ठेवीत नाहीं. परगांवीं जावयाचें असेल तर निम्मी भरलेली ठेवतों. पूर्ण भरण्यास एका युनिटाचा सुमारें तिसरा हिस्सा वीज लागते, तेव्हां काटकसर करावयाची ती विजेची नव्हे, घटांच्या आयुष्याची. जुने घट कचऱ्यांत टाकूं नयेत हेंहि सांगितलें पाहिजे. २०२२ च्या नियमांनीं बाद बॅटऱ्या गोळा करून त्यांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे.

परंतु सर्व क्षेम घेणाऱ्यानेंच पाहावें, हा न्याय अपुरा आहे. सायकलीच्या टायरला ठरलेलें माप असतें, म्हणून एका कारखान्याच्या चाकावर दुसऱ्याचा टायर चढतो. बॅटरीच्या पेटीलाहि असें एखादें सर्वमान्य माप ठरलें तर कोणा म्हाताऱ्याची संध्याकाळ एका खांचेपायीं अडून राहणार नाहीं. तें ठरेपर्यंत ग्राहकाच्या हातीं एक उपाय आहे. दुकानांत शिरतांच आपण ‘किती किलोमीटर जाते?’ असें विचारतों. त्याआधीं ‘पांच वर्षांनीं हिची बॅटरी कोण देईल?’ असें विचारावें, आणि मिळेल तें उत्तर पावतीवर लिहून घ्यावें. माझ्या वयाच्या वाचकांनीं तर तें अवश्य घ्यावें. कारण आठ महिने वाट पाहणें तरुणांना जमतें, आमच्या मित्रमंडळींना तें जमेलच असें नाहीं.