गळ्याकडून चेहऱ्याकडे : गायन स्पर्धेतून आलेल्या अभिनेत्री

दूरचित्रवाणीवरील गायन स्पर्धेतून पुढे आलेल्या मुलीने चित्रपटाची नायिका होणे, ही वाट मराठीत 2012 नंतर ठळक झाली. केतकी माटेगावकर आणि आर्या आंबेकर ही तिची दोन महत्त्वाची उदाहरणे. दोघींची ओळख झी मराठीच्या ‘सारेगमप’ने घरोघरी पोहोचवली आणि दोघींनाही दिग्दर्शकांनी केवळ गाण्यासाठी नव्हे, तर भूमिकेसाठी निवडले.

गाणारी नायिका महाराष्ट्राला नवी नाही. संगीत नाटकात गाता गळा ही नटाची पहिली पात्रता होती. मराठी बोलपटानेही तोच वारसा घेतला. 1932च्या ‘अयोध्येचा राजा’मध्ये दुर्गा खोटे स्वतः गायल्या, 1937च्या ‘कुंकू’मध्ये शांता आपटे यांचा अभिनय आणि गाणे यांची गाठ सोडवता येत नाही. 1935पासून हिंदुस्थानात पार्श्वगायन रूढ होऊ लागले आणि चेहरा एकीचा, गळा दुसरीचा अशी विभागणी झाली. लता मंगेशकर यांची सुरुवातही या संधिकाळातली. 1941च्या सुमारास पुण्यात ‘खजांची’ चित्रपटाच्या निमित्ताने झालेल्या गायन स्पर्धेत त्या जिंकल्या, 1942च्या ‘पहिली मंगळागौर’मध्ये पडद्यावर आल्या आणि पुढे अभिनय सोडून पार्श्वगायनाकडे वळल्या. स्पर्धेतून पडद्यावर जाण्याची वाट तेव्हाही होती. पण नव्या तंत्राने गायिकेला पडद्यामागे नेले. आज तीच गायिका पुन्हा पडद्यावर येते आहे.

या परतीत ‘सारेगमप लिटिल चॅम्प्स’च्या 2008-09च्या पर्वाचा वाटा मोठा आहे. पल्लवी जोशी यांचे सूत्रसंचालन आणि अवधूत गुप्ते व वैशाली सामंत यांचे परीक्षण लाभलेल्या त्या पर्वात परीक्षक आकड्यांऐवजी सुरांनी गुण देत. अंतिम फेरीत पोहोचलेली पाच मुले ‘पंचरत्न’ म्हणून ओळखली गेली : आळंदीची कार्तिकी गायकवाड, पुण्याची आर्या आंबेकर, लातूरचा रोहित राऊत, रत्नागिरी जिल्ह्यातील आरवलीचा प्रथमेश लघाटे आणि रायगड जिल्ह्यातील अलिबागची मुग्धा वैशंपायन. विजेतेपद कार्तिकीला मिळाले.

या पाचांत मोठ्या शहरांबाहेरची नावे अधिक होती, याला गावोगावचा गणेशोत्सव हे एक कारण आहे. रायगड जिल्ह्यातील पेण आणि हमरापूरचा पट्टा गणेशमूर्तींचे माहेरघर आहे. येथील कारखान्यांतून निघालेली मूर्ती ज्या मंडपात बसते, त्याच मंडपात असंख्य मुले पहिल्यांदा माईकसमोर उभी राहतात. आरतीला धरलेला सूर, भजनी मंडळात टाळ वाजवताना अंगात मुरलेला ठेका आणि लोकांसमोर गाण्याचा धीर ही गावाने दिलेली मोलाची पुंजी असते. गुरूकडची तालीम या पुंजीवर उभी राहते. स्पर्धा त्यानंतर येते.

स्पर्धा स्वतः काय शिकवते? आठवड्यागणिक नवे गाणे बसवणे, वाद्यवृंदाबरोबर पहिल्याच फटक्यात अचूक गाणे, शब्दांतला भाव दोन-तीन मिनिटांत पोहोचवणे आणि कॅमेरा अगदी जवळ आला तरी न बिचकणे. यांतले शेवटचे दोन गुण अभिनयाला थेट उपयोगी पडतात. मात्र मंचावर गायक श्रोत्यांकडे आणि परीक्षकांकडे पाहून गातो, तर चित्रपटात कॅमेरा जणू नाहीच असे वागायचे असते. मंचावरचा आवाज सभागृहात पोहोचवायचा असतो. संवादाचा आवाज समोरच्या पात्रापुरता. म्हणून गायिकेला अभिनय शिकताना पहिल्यांदा आवरायला शिकावे लागते. गाण्याच्या प्रसंगात मात्र तिची बाजू वरचढ असते. चित्रीकरणात आधी ध्वनिमुद्रित केलेले गाणे लावून ओठ हलवले जातात. स्वतः गायलेल्या गाण्यात श्वास कोठे घेतला, जोर कोठे दिला हे शरीराला ठाऊक असते. त्यामुळे ओठांबरोबर मान, छाती आणि डोळेही गातात.

केतकीने हे आवरणे लवकर साधले. तिची आई सुवर्णा माटेगावकर गायिका असल्याने गाणे घरातच होते. मिलिंद बोकील यांच्या कादंबरीवर सुजय डहाके यांनी केलेला ‘शाळा’ 2012मध्ये प्रदर्शित झाला आणि सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. त्यातील शिरोडकर ही थोडे बोलणारी, नजरेतून कळणारी मुलगी. ती उभी करताना गाण्याची कसलीही सवय केतकीच्या आड आली नाही. 2014च्या रवी जाधव यांच्या ‘टाइमपास’मध्ये तिची प्राजक्ता आणि प्रथमेश परबचा दगडू ही जोडी अफाट लोकप्रिय झाली, आणि स्वप्नील बांदोडकरसोबतच्या द्वंद्वगीतात गळा व चेहरा दोन्ही तिचेच होते.

आर्याची चढण वेगळी. आई श्रुती आंबेकर यांच्याकडे तिची शास्त्रीय तालीम झाली, आणि स्पर्धेनंतर अनेक वर्षे ती गातच राहिली. जानेवारी 2017मध्ये सतीश राजवाडे यांचा ‘ती सध्या काय करते’ आला. त्यातील तन्वी वयाच्या तीन टप्प्यांत दिसते. तरुण तन्वी आर्याने केली, मोठी तेजश्री प्रधानने. एकाच पात्राचा धागा दुसऱ्या अभिनेत्रीच्या हाती सोपवायचा असल्याने येथे स्वभावाची सलगता महत्त्वाची होती. नवख्या अभिनेत्रीने ती सहजतेने सांभाळली आणि चित्रपटातील गाणीही गायली.

या वाटेचे जगातील सर्वांत गाजलेले उदाहरण जेनिफर हडसन हिचे. 2004च्या ‘अमेरिकन आयडॉल’मध्ये ती सातव्या क्रमांकावर बाद झाली. 2006च्या ‘ड्रीमगर्ल्स’मध्ये तिने एफी व्हाइट ही डावलली गेलेली गायिका साकारली आणि 2007मध्ये सर्वोत्कृष्ट साहाय्यक अभिनेत्रीचे ऑस्कर जिंकले. आर्याही स्पर्धेची विजेती नव्हती. स्पर्धेतील क्रमांक त्या दिवसाच्या गाण्याचा असतो; भूमिका मिळते ती पात्राशी जुळणाऱ्या व्यक्तिमत्त्वामुळे आणि टिकते ती मेहनतीमुळे.

गाणाऱ्या मुलींना गाण्याबरोबर वाचन, वाचिक अभिनय आणि रंगमंचाचा सराव मिळाला, तर ही वाट रुंदावेल. एकांकिका स्पर्धा, बालनाट्य आणि गणेशोत्सवाचे मंडप गावोगावी आहेतच. तेथे गाणाऱ्या मुलीच्या हाती संवादाची वहीही द्यायला हवी.