दादाची ब्रेल पाटी

टी. टी. नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये संध्याकाळ झाली की आम्ही भावंडं आळीपाळीनं दादाला धडे वाचून दाखवायचो. दादा म्हणजे माझा आत्तेभाऊ, जन्मापासून दृष्टिहीन. १९५६ साली राजधानी नागपूरहून भोपाळला आली, तेव्हा ज्या मराठी कारकुनांनी बिऱ्हाडं हलवली त्यांतलंच आमचं घर.

दादाच्या दप्तरात ब्रेल पाटी, टोचा आणि जाड कागदांची चळत असे. टोचल्यावर उठाव कागदाच्या मागच्या बाजूला येतो, म्हणून लिहायचं उजवीकडून डावीकडे, आणि कागद उलटून वाचायचं डावीकडून. प्रत्येक अक्षर हाताला उलटं ठाऊक हवं. चुकलेलं टिंब तो नखानं दाबून सपाट करी. गणिताला टेलर फ्रेम. तिच्या अष्टकोनी भोकांत शिशाचे खिळे बसवायचे, खिळा कसा वळवला त्यावरून आकडा ठरायचा. फ्रेम हातून निसटली की अख्खा भागाकार जमिनीवर!

पुढे कॅसेट आल्या. भोपाळमधल्या ‘आरुषि’ संस्थेत स्वयंसेवक पाठ्यपुस्तकं आपल्या आवाजात ध्वनिमुद्रित करू लागले. त्या आवाजांत माया होती; पण एक व्याख्या पुन्हा ऐकायची तर फीत मागेपुढे करत बसावं लागे.

आमच्या त्या संध्याकाळी मला फार प्रिय आहेत. दादा मध्येच थांबवून प्रश्न विचारी, त्यामुळे इतिहास माझाही पाठ झाला. तरी आज त्याचं ताटकळणं जास्त आठवतं. आमचा खेळ संपेपर्यंत, आईचा स्वयंपाक आटपेपर्यंत त्याचा अभ्यास थांबलेला असे.

आता भाचीचा मुलगा, तोही दृष्टिहीन, रात्री अकरा वाजता एकटा भूगोल वाचतो. त्याच्या संगणकावर एनव्हीडीए आहे. मायकेल कुरन आणि जेम्स टेह या दोन ऑस्ट्रेलियन अंध तरुणांनी २००६ पासून घडवलेलं आणि फुकट वाटलेलं हे सॉफ्टवेअर पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवतं. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीमुळे दृष्टिहीनांसाठी पुस्तकाची सुलभ प्रत करायला प्रकाशकाची परवानगी लागत नाही, आणि २०१६ पासून ‘सुगम्य पुस्तकालय’ ऑनलाइन आहे. कुणाची वाट पाहायची नाही, हे सुख दादाला मिळायला हवं होतं.

श्रवणयंत्रंही अशीच बदलली. माझ्या वर्गातल्या मैत्रिणीचं यंत्र खिशात असे, वायर कानापर्यंत. कापड घासलं तरी तिला खरखर ऐकू येई. आता ते कानामागे मावतं. पण यंत्रानं सगळं होत नाही. रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ला यांनी २००४ च्या गोल्डमन पुरस्काराच्या पैशांतून उभारलेल्या ‘चिंगारी’ संस्थेत भोपाळच्या वायुदुर्घटनेतल्या पीडित कुटुंबांतल्या मुलांना बोलायला, चालायला शिकवतात ती माणसंच, तासन्‌तास.

भाचीच्या मुलाबाबत मला एकच काळजी आहे. हिंदीत ‘शांति’ ऱ्हस्व आणि ‘नदी’ दीर्घ. कानाला दोन्हींचा शेवट सारखाच. तो सगळं ऐकूनच शिकल्यामुळे त्याचं शुद्धलेखन कच्चं राहिलं. दादाचं मात्र बोटांनी पक्कं केलेलं आहे. म्हणून हल्ली दर रविवारी दादा त्याला ब्रेल शिकवतो, आणि तो दादाला फोनवर वर्तमानपत्र कसं ऐकायचं ते दाखवतो. पोरगा ‘ष’वर अजून अडखळतो, पण टोचा नीट धरतो.