दारातली पालेभाजी

थंडी पडली की घोरावाडीत सकाळी धुकं उतरतं. पुण्याकडे जाणारी लोकल दिसायच्या आधी ऐकू येते. इंद्रायणी भाताची कापणी झालेली असते आणि खाचरात राहिलेल्या ओलीवर लोक हरभरा पेरतात. मी पंधरा वर्षे इथे राहते आणि तेवढीच वर्षे वर्गात शिकवते, "हिरव्या पालेभाज्यांत लोह असते. हिमोग्लोबिन तयार व्हायला लोह लागते." मी फळ्यावर लिहिते, मुले वहीत उतरवतात आणि परीक्षेत पूर्ण गुण मिळवतात.

दोन वर्षांपूर्वी पाचवीत शिकणाऱ्या माझ्याच मुलीचं हिमोग्लोबिन ९.४ निघालं. तिच्या वयाला ते निदान ११.५ हवं. डॉक्टरांनी विचारलं, "पालेभाजी खाते का?" मी गप्प. डबा भरणारी मीच, आणि निवडायला वेळ नाही म्हणून रोज बटाटा नाहीतर कोबी देणारीही मीच! धडा तिला तोंडपाठ होता, पण ताटात नव्हता.

घरी आल्यावर सासूबाई एवढंच म्हणाल्या, "आणलेली नाही खायची ती. तिच्या हातानं लावू दे."

नोव्हेंबरात घरामागच्या आठ बाय पाच फुटांच्या जागेत आम्ही वाफे केले. मेथी, पालक, शेपू, चाकवत, कोथिंबीर आणि कडेला हरभरा. मेथी चौथ्या दिवशी वर आली. कोथिंबिरीचे मात्र दहा दिवसांनीही मोजकेच कोंब दिसले. मी धने अख्खेच पेरले होते. आजी नातीला म्हणाल्या, "अगं, धने रगडून त्याच्या दोन डाळी करायच्या, मग पेरायचे. तुझ्या आईच्या पुस्तकात हे नसेल!" दोघी हसल्या. मीही हसले, पण मनाला लागलं.

हरभरा वीतभर झाला तसे आजींनी शेंडे खुडायला शिकवले. "झाडाला दुखत नाही का गं आजी?" "खुडला की फुटवे जास्त फुटतात. फक्त फुलं यायच्या आत खुडायचा." खुडता खुडता तिनं बोट चाटलं आणि ओरडली, "आई, आंबट!" पानांवरची आंब तिला स्वतःच सापडली होती. "ही कुठून येते?" हा प्रश्न तिनं मला चार दिवस विचारला. एवढ्या वर्षांत माझ्या फळ्याकडे बघून असा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

त्या दिवशीची हरभऱ्याची भाजी, लसणाची फोडणी आणि बाजरीची भाकरी तिनं मागून खाल्ली. चाकवताचं ताकातलं गरगटंही आवडलं. शेपू मात्र अजून खात नाही. असू दे.

मार्चमध्ये हिमोग्लोबिन ११.६ झालं. हे सगळं भाजीनंच झालं असं मी म्हणणार नाही, डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्याही चालू होत्या. पालेभाजीतलं लोह शरीराला सहज मिळत नाही. म्हणून भाजीवर लिंबू पिळायचं आणि जेवणानंतर लगेच चहा द्यायचा नाही, या दोन सवयी आम्ही लावून घेतल्या. औषध डॉक्टरांनी दिलं, पण खाण्याची इच्छा त्या वाफ्यातून आली.

शिक्षक मित्रांनो, शाळेत परसबाग करायची सोय आपल्याकडे आहे. जागा नसेल तर तेलाचा जुना डबा खालून भोकं पाडून घ्या, माती भरा, मूठभर मेथी पेरा. महिनाभरात भाजी हाताशी येते. पालकांनो, मुलांना निदान निवडायला तरी सोबत बसवा.

यंदा मी आधी वर्गात मेथी पेरून घेतली. धडा अजून उघडलेला नाही. काल एका मुलानं विचारलं, "बाई, ही आपण खायची ना?"

तो प्रश्न मी फळ्यावर तसाच ठेवला आहे.